नाव घालायचं राहिलं

चुनाभट्टीची शाळा, तिसरा मजला, सातवी ब.
फळ्यावर मी लिहिलं: स्वामित्वहक्क.
विघ्नेशने मोठ्याने वाचलं, स्वामींचा हक्क.
वर्ग हसला, मीही हसले,
पुसून लिहिलं: कॉपीराइट.
हा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा निघाला.
त्यांच्या कितीतरी व्हिडिओंचा आवाज
त्यानेच बंद पाडला होता.

प्रकल्प असा: दोन मिनिटांची फिल्म, विषय आपली गल्ली.
उसनं काही घेतलंत
तर शेवटी धन्याचं नाव.

पहिल्या आठवड्यात अकरा फिल्म आल्या.
चुनाभट्टीच्या गल्लीमागे बर्फाचे डोंगर,
आणि अकराही ठिकाणी तीच एक उदास बासरी.
ही कुणाची?
मोबाइलची, टीचर.
मोबाइलला फुंकर कुणी घातली?
कोणी बोलेना.
मग मागच्या बाकावरून कुणीतरी
पट्टीच्या भोकात फुंकून बघितलं.
नुसती हवा आली.

दुसऱ्या आठवड्यात किमयाने आणली
आईच्या पिको-फॉलच्या मशीनची टकटक.
सुईत दोरा ओवताना ती मध्येच थांबते.
तो थांबा किमयाने कापला नव्हता.

प्रचेताने आणली भंगारवाल्याची हाळी.
त्याला विचारलंस?
दुसऱ्या दिवशी विचारून आली.
तो म्हणाला म्हणे, हाळी माझ्या चुलत्याची,
त्याने ती कुर्ल्यात कुणाची तरी ऐकून उचललेली.
मी फक्त शेवट लांबवतो.
तेवढ्या शेवटाला माझं नाव लाव.

हुजैफाची फिल्म सगळ्यात उशिरा आली.
शाळेच्या फाटकासमोर त्याच्या अब्बांचं झेरॉक्सचं दुकान,
पानाला दीड रुपया, पाठपोट अडीच.
दीड मिनिट पडद्यावर नुसता उजेड,
काचेखालून डावीकडून उजवीकडे सरकणारा,
आणि काचेवर पालथी पडलेली पुस्तकं,
एकामागून एक,
कुणाचंच तोंड दिसत नाही.
शेवटी काळी पाटी, पांढरी अक्षरं:
आमचं दुकान चोरीचं आहे का?

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.
मी म्हटलं, शिकण्यासाठी कायद्याने थोडी सवलत ठेवलीय.
थोडी म्हणजे किती पानं, टीचर?

खिडकीतून दुकान दिसत होतं.
तीन मुली वह्या छातीशी धरून रांगेत.
मला माझी बीएडची वर्षं आठवली,
साडेचारशेचं पुस्तक, खिशात ऐंशी रुपये,
आणि स्पायरल लावलेली ती जाड प्रत
जिच्यावर मी रात्र-रात्र रेघा मारल्या.
मुलांना कसं शिकवावं, हे मला तिनेच शिकवलं.
मुखपृष्ठाचे पैसे मी वाचवले होते.
ते पुस्तक कुणाचं, मला आजही ठाऊक नाही.

हे मी वर्गाला सांगितलं.
सांगायचं ठरवलं नव्हतं.
विघ्नेश म्हणाला, म्हणजे तुम्हीपण?
हो, मीपण.

हुजैफा बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला.
मग म्हणाला, अब्बांना सांगतो,
नावाचं पान फुकट काढत जा.
सोमवारी निरोप आणला:
अब्बा विचारतात, टोनर टीचर भरणार का?

प्रदर्शनाच्या दिवशी फिल्मपेक्षा
नावांचीच यादी लांब झाली.
सुईदोरा: किमयाची आई, म्हणजे रेवती गुंजाळ.
हाळीचा शेवट: छोटूलाल.
हाळीची सुरुवात: कुर्ल्यातला कुणीतरी.
उजेड: अब्बांचं मशीन.
पालक उठून जायला लागले तरी नावं सरकतच होती,
मुलं मात्र जागेवर,
आपलं येईपर्यंत.

रात्री पाठटाचण पूर्ण केलं.
खाली लिहिलं, आधार,
पुढे दोन टिंबं,
आणि त्यापुढची ओळ
कोरीच ठेवली.